सावकाशच्या गाडीचं तेल

आत्याच्या दुकानात शिरलं की आधी पायांना कळायचं आणि मग नाकाला. फरशी कितीही पुसली तरी ती चप्पल धरून ठेवायची आणि सोडताना चट्‌ असा आवाज करायची. वास सगळीकडे होता. आत्याच्या साड्यांना, भाकरीच्या डब्याला, माझ्या केसांना. पोस्टातल्या मैत्रिणी म्हणायच्या, "तू आलीस की गाडी आल्यासारखं वाटतं." पहिल्या महिन्यात मला रडू यायचं. नंतर नंतर सुट्टीत बाबांकडे गेले की त्या घराला कसलाच वास नाही म्हणून चुकल्यासारखं व्हायचं.

मी आत्याकडे राहायला आले ती पोस्टातल्या नोकरीमुळे. पोस्ट त्याच रस्त्याच्या टोकाला होतं. रस्ता ट्रकांचा. नदीवरच्या पुलापासून निघायचा आणि समोरच्या डोंगरावर चढत जायचा, त्यामुळे चढाला लागायच्या आधी गाडीचं पोट तपासायला प्रत्येक जण आमच्या दारात थांबायचा. पुढे दुकान, मागे दोन खोल्या आणि एक चिंचोळं स्वयंपाकघर. दुकानात एका भिंतीला तेलाचे डबे, दुसऱ्या भिंतीला छतापर्यंत फिल्टरांची खोकी, मधोमध सुट्या तेलाचं पिंप आणि त्यावर हाताने फिरवायचा पंप. नरसाळी लहान-मोठी करून खिळ्यांना टांगलेली. समोर, रस्त्याच्या पलीकडे, मेस्त्रींची पत्र्याची शेड.

दुकान घातलं होतं आतोबांनी. मी लहान असतानाच ते गेले, साध्या तापाचं निमित्त झालं. आत्या तेव्हा जेमतेम तिशीची. मूलबाळ नव्हतं. बाबा तिला म्हणाले, "विकून टाक आणि चल आमच्याकडे." आत्या म्हणाली, "थोडे दिवस उघडून तर बघते." तेलातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. आतोबांनी तिला कधी काउंटरच्या आत येऊ दिलं नव्हतं, कपडे खराब होतील म्हणून.

पहिल्याच दिवशी एक ड्रायव्हर आला आणि म्हणाला, "ताई, चाळीस द्या."

आत्याने मान डोलावली आणि डबे काढून काउंटरवर मांडायला लागली. काउंटर भरला. मग तिने खाली जमिनीवर ओळ लावली. ड्रायव्हर बिचारा बघत राहिला. मग घसा खाकरून म्हणाला, "ताई, माझ्याकडे एकच गाडी आहे."

चाळीस हा तेलाच्या दाटपणाचा नंबर असतो हे तिला त्या दिवशी कळलं. तो किस्सा त्या रस्त्यावर वर्षानुवर्षं चालला. कुणी नवा ड्रायव्हर आला की जुने त्याला शिकवून पाठवायचे, "आत जा आणि ताईंना चाळीस माग." आत्याही न चुकता विचारायची, "डबे की नंबर?" आणि मग बाहेर हशा उसळायचा.

पण ती शिकली. विचारायची तिला लाज नव्हती. मेस्त्री आतोबांचे दोस्त, आत्याला वहिनी म्हणायचे. दुपारी जरा शांतता झाली की ती त्यांच्या शेडमध्ये जाऊन उघडलेल्या इंजिनात डोकं घालून उभी राहायची. हे काय, ते काय, तेल इथे कसं पोचतं, इथे नाही पोचलं तर काय होतं. मेस्त्री वैतागून म्हणायचे, "वहिनी, तुम्हाला तेल विकायचंय, इंजिन नाही बांधायचं." ती म्हणायची, "आजारी कोण हे माहीत नसताना औषध कसं विकू?"

मी तिथे राहायला गेले तोवर तिच्या दुकानात तेल मागायला येणाऱ्याची आधी उलटतपासणी व्हायची. गाडी किती जुनी? सकाळी पहिल्यांदा चालू करताना धूर कुठल्या रंगाचा? माल काय भरता? मागच्या वेळी तेल काढलं तेव्हा बोटांना कसं लागलं? घाईतले ड्रायव्हर चरफडायचे, पण दुसरीकडे जायचे नाहीत.

फिल्टरच्या बाबतीत ती फारच कडक होती. बाजारात तेव्हा नकली फिल्टरांचा सुळसुळाट झाला होता. खोकं तेच, रंग तोच. एकाने तिच्याशी वाद घातला की तुम्ही देता तेच तिकडे मिळतं, उगाच नखरे कशाला. आत्याने त्याच्याकडचा फिल्टर मागून घेतला, आपल्याकडचा एक घेतला, करवत काढली आणि दोन्ही त्याच्यासमोर मधोमध कापले. एकात कागदाच्या घड्या दाटीवाटीने बसलेल्या. दुसऱ्यात चार-दोन घड्या, त्याही पंख्यासारख्या पसरलेल्या, आणि बाकी हवा.

"वरून जुळे भाऊ," आत्या म्हणाली. "आतून एक जेवलेला, एक उपाशी. तेलातली घाण धरायची तर कागद नको का?"

सावकाश नावाचा ड्रायव्हर याच सुमारास दुकानात यायला लागला. म्हणजे येत आधीपासून होता, पण माझ्या लक्षात यायला लागला. त्याचं खरं नाव रस्त्यावर कुणी घेत नसे. तो काचेच्या बाटल्या वाहायचा, डोंगरापलीकडच्या सरबताच्या कारखान्यासाठी, आणि बाटल्या वाहणारा माणूस जसा चालवेल तसा चालवायचा. मागून भोंगे वाजोत, शिव्या पडोत, हा आपल्या चालीने. त्याची गाडी वळणावर दिसायच्या आधी ऐकू यायची. इंजिनाची जाडजूड घरघर आणि तिच्या वर हजारो बाटल्यांची किणकिण. उंच, वाकलेला, पन्नाशीच्या पुढचा माणूस. बायको कधीच गेलेली, एक मुलगी, ती लग्न होऊन लांबच्या गावी.

गाडी त्याच्याहून थोडीच लहान असेल. त्या इंजिनाच्या जातीची इंजिनं तोवर भंगारात गेली होती. त्याचा फिल्टरसुद्धा वेगळा. आताचे कसे डब्यासारखे, फिरवून लावायचे आणि फिरवून काढायचे, तसा नव्हता. इंजिनाच्या कुशीला एक लोखंडी वाटी बोल्टाने लटकवलेली, तिच्या आत कागदाचा फिल्टर, आणि वाटीच्या तोंडाशी रबराची एक रिंग. दर वेळी जुनी रिंग टोकदार हत्याराने उकरून काढायची आणि नवी बसवायची. कंटाळा करून जुनीवरच नवी ठेवली की तेल भसाभसा बाहेर. त्या रिंगवरून आत्याचं आणि त्याचं बोलणं सुरू झालं.

"रिंग काढलीत?" आत्या दुकानातून ओरडायची.

तो गाडीखालून हात बाहेर काढायचा, बोटात अंगठीसारखी अडकवलेली काळी रिंग दाखवायला. "निघाली."

तेल बदलायची त्याची पद्धत ठरलेली होती. गाडी पुलापलीकडून चालवत आणायची म्हणजे तेल गरम असतं आणि घाण घेऊन बाहेर पडतं. मग चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या पेटीचा नट सोडायचा आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत वाट बघायची. बाकीचे धार तुटली की नट लावून मोकळे. हा रिकाम्या डब्यावर बसून राहायचा आणि आत्या त्याला चहा द्यायची. बाकी ड्रायव्हरांना टपरीवरचा चहा, याला घरातला. मी हे बघितलं होतं, पण तेव्हा मला त्यात काही दिसलं नव्हतं.

घालायचं काय याबद्दल मात्र त्याचं एकच म्हणणं. "चाळीस."

"सगळं जग पुढे गेलं," आत्या म्हणायची.

"जाऊ दे. मी मागून येतो."

मग एका उन्हाळ्यात कंपनीचा विक्रेता नवं तेल घेऊन आला. चांगला तरुण माणूस होता, इस्त्रीचा शर्ट घालून आमच्या फरशीवर जपून पावलं टाकणारा. नवं तेल पातळ होतं, मधासारखं स्वच्छ. सकाळी इंजिन चालू केलं की क्षणात वरपर्यंत पोचतं, आत काजळी साचू देत नाही, दुप्पट टिकतं. आत्याने बोटांत घेऊन चोळून बघितलं, वास घेतला, सूर्यासमोर धरलं. तिला ते तेल आवडलं. नव्या गाड्यांना तिने ते द्यायला सुरुवात केली आणि सगळे खूश. कुणी म्हणे गाडी हलकी झाली, कुणी म्हणे आवाज कमी झाला. आत्याचा उत्साह तर विचारू नका. जेवताना तेल, झोपताना तेल.

आणि मग ती सावकाशच्या मागे लागली.

"अहो, एकदा घालून तर बघा. इतकी वर्षं तिला तेच तेच पाजताय."

"तिला सवय आहे."

"सवयीचं काय, माणसालाही लागते. आत किती काजळी साठली असेल. हे तेल ती सगळी धुऊन काढेल."

"असू दे ना तिची काजळी तिच्यापाशी."

दोन-तीन फेऱ्या असंच चाललं. मेस्त्रींना विचारलं तर त्यांनी खांदे उडवले. त्यांनाही ते तेल नवं होतं. शेवटी एक दिवस सावकाश चहाचा कप खाली ठेवून आत्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "तुम्ही म्हणताय ना? मग घाला."

आत्याने स्वतः नरसाळं धरलं. इतक्या खुशीत मी तिला फार कमी वेळा बघितली आहे.

पुढच्या फेरीला तो आला तेव्हा गाडीखाली ठिपके पडत होते. जुन्या इंजिनाच्या सांध्यांमधून पातळ तेल वाट काढत होतं. आत्या म्हणाली, थोडं वर घालू, बसेल. त्याच्या पुढच्या फेरीला तो म्हणाला, तेलाच्या प्रेशरचा काटा जरा खाली राहतोय. आत्याचा चेहरा उतरला, पण तो म्हणाला, "बघू, घाई काय आहे," आणि चढाला लागला.

दुपारी वरून उतरणाऱ्या एका ट्रकवाल्याने दुकानासमोर गाडी हळू केली आणि खिडकीतून ओरडून सांगितलं, "ताई, तुमचा सावकाश वळणावर उभा आहे. इंजिन ठोकतंय म्हणाला."

इंजिन ठोकतंय म्हणजे आत लोखंडावर लोखंड आदळतंय, मधला तेलाचा पडदा नाहीसा झालाय. पोस्टाला त्या दिवशी सुट्टी होती, म्हणून मी समोरच होते.  आत्याने चाळीस नंबरचे डबे काढले, मिळतील तेवढे त्याचे फिल्टर आणि रिंगा पिशवीत टाकल्या आणि दुकानाचं शटर ओढलं. चालू दिवशी भर दुपारी ते शटर खाली आलेलं कुणी पाहिलं नव्हतं. आतोबा गेल्यानंतर ती जी बसली होती ती तापातसुद्धा बसली होती. समोरचा टपरीवाला धावत आला, "कोण गेलं?" म्हणून.

मेस्त्रींच्या छोट्या टेम्पोतून आम्ही तिघं निघालो.  वाटेत मेस्त्री एकदा म्हणाले, "वहिनी, तेल सांडतंय तुमच्या साडीवर," तेव्हा तिने नुसतं खाली बघितलं.

सावकाश गाडीच्या सावलीत दगडावर बसला होता. मागे बाटल्या उन्हात लखलखत होत्या. आम्हाला बघून तो उठला, जणू पाहुणे आलेत.

"ठोका ऐकला आणि लगेच बंद केली," तो मेस्त्रींना म्हणाला. "एक चाकभरसुद्धा पुढे नाही नेली."

मेस्त्री गाडीखाली गेले. आधी फिल्टरची वाटी उतरवली. आतला कागद कागद राहिलाच नव्हता, चिखलाने माखलेला लगदा झाला होता. मग चेंबर उतरवलं. तेल वर ओढून घेणाऱ्या जाळीवर काळा, लोण्यासारखा गाळ थापलेला. मेस्त्रींनी तो बोटावर घेतला आणि बाहेर हात काढून आम्हाला दाखवला.

"तेलाने काम चोख केलं," ते म्हणाले. "सांगितलं तसं सगळं धुतलं. पण इतक्या वर्षांचं धुणं एकदम निघालं आणि मोरी तुंबली. जाळी बंद, फिल्टर बंद. वर तेल पोचणार कसं?"

जुन्या चाळीसमध्ये धुण्याचं औषध नसायचं. काजळी आपली कोपऱ्याकोपऱ्यात गप्प बसून राहायची. हे आत्याला माहीत नव्हतं असं नाही. तिने मला नंतर सांगितलं, माहीत होतं, पण चांगली वस्तू हातात आली की ती आवडत्या माणसाला द्यावीशी वाटते, आणि मग माहीत असलेलं आठवत नाही.

तिने पदर खोचला, मेस्त्रींकडून चेंबर ओढून घेतलं आणि रस्त्याच्या कडेला बसून डिझेलमध्ये बुडवलेल्या चिंध्यांनी खरवडायला लागली. सावकाश तिच्यासमोर बसला, जाळी घेऊन. मी चिंध्या फाडून देत होते. 

"माझ्यामुळे झालं," आत्या म्हणाली. मान खालीच.

"इंजिन जुनं आहे. तुमच्यामुळे कसं?"

"तुम्ही नको म्हणत होतात."

"म्हणत होतो." त्याने जाळी उजेडाकडे धरून बघितली. "दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर घातलं नसतं."

आत्याचा हात थांबला. मग ती पुन्हा घासायला लागली, पहिल्यापेक्षा जोरात. मी चिंध्या फाडायच्या सोडून दोघांकडे बघत बसले होते. मेस्त्री गाडीखालून म्हणाले, "पोरी, पाना दे," आणि तो पाना त्यांच्या हाताशीच होता.

क्रँक, म्हणजे इंजिनातला मुख्य फिरता दांडा, वाचला होता. दोन बेअरिंगांवर चरे होते, पण गाडी शेडपर्यंत जाईल असं मेस्त्री म्हणाले. चेंबर चढवलं, नवा फिल्टर, नवी रिंग, आणि त्याचं ते जुनं चाळीस. चालू केल्यावर सगळे काट्याकडे बघत होतो. काटा हलला, थांबला, मग हळूहळू वर आला.

"अगदी हळू न्या," मेस्त्रींनी बजावलं.

"मला दुसरं येतं कुठे?" सावकाश म्हणाला.

आत्या टेम्पोत बसली नाही. पिशवी माझ्या हातात देऊन ती सरळ ट्रकच्या पायरीवर चढली. "कुणीतरी काट्याकडे बघायला हवं," ती म्हणाली, कुणी विचारलं नसताना. आम्ही त्यांच्या मागून उतरत होतो. मी तिला नंतर खोदून खोदून विचारलं, वाटेत काय बोललात म्हणून. ती म्हणाली, "काय बोलणार? प्रेशर किती, ते म्हणाले ठीक आहे. मग थोड्या वेळाने आता किती, ते म्हणाले ठीक आहे." इतकं बोलून ती लाजली. माझी आत्या, जिच्या आवाजाने ट्रक थांबायचे.

विक्रेता आला तेव्हा आत्या त्याला फैलावर घेणार असं मला वाटलं होतं. पण तो सगळं ऐकून खुर्चीत बसला आणि म्हणाला, चूक माझी, मी विचारायला हवं होतं कुणाच्या गाडीत घालणार ते. नव्या इंजिनांमध्ये जागा इतक्या बारीक असतात की तिथे पातळच लागतं, आणि जुन्या झिजलेल्या इंजिनात तेच निसटतं. त्याची कंपनी जुन्यांसाठी वेगळं तेल करायची, वीस-पन्नास नंबरचं. थंड असताना बेताचं, तापल्यावर दाट राहणारं, घासणाऱ्या भागांना सांभाळून घेणारं औषध त्यात जास्त. या भागात कुणी मागत नाही म्हणून तो आणत नव्हता. पुढच्या खेपेला त्याने आणलं. मेस्त्रींनी बेअरिंग बदलल्यावर तेच घालायचं ठरलं. सुरुवातीला फिल्टर लवकर लवकर बदलायचा, उरलासुरला गाळ निघेपर्यंत, हेही ठरलं.

त्यामुळे सावकाशला वारंवार यावं लागायचं. गाळ संपला तरी तो वारंवारच येत राहिला. ड्रायव्हर मंडळी विचारायची, "काय हो, इतकं तेल पिते तुमची गाडी?" तो म्हणायचा, "जुनी आहे."

एका संध्याकाळी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी मागच्या खोलीत इस्त्री करत होते आणि दार उघडं होतं. सावकाश म्हणाला, "मला एकट्याने जेवायचा कंटाळा आलाय."

"मग इथे जेवत जा की."

"तसं नाही म्हणत मी."

डबे रचायचा आवाज आला. एक, मग अजून एक. "मला कळलं तुम्ही कसं म्हणताय ते," आत्या म्हणाली. माझ्या इस्त्रीखाली ब्लाऊज जळायला लागला होता.

लग्नाचं कळताच बाबा पहिल्या गाडीने आले. दुकानात उभ्या उभ्याच सुरू झाले. हे काय वय आहे, एक ट्रकवाला, तुला काही कमी आहे का, आम्ही मेलोत का. आत्या फिल्टरची खोकी पुसत होती.

"लोक काय म्हणतील?" बाबा म्हणाले.

"लोक म्हणतील, ताई, चाळीस द्या. दुसरं काय म्हणतात लोक मला?"

मेस्त्री रस्त्यापलीकडून ऐकत होते, ते इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. बाबा मात्र हसले नाहीत. ते मागच्या खोलीत जाऊन बसले. मी चहा घेऊन गेले तर म्हणाले, "ती एवढीशी होती तेव्हा मी तिला शाळेत सोडायचो. रस्ता ओलांडताना माझं बोट धरायची. आता विचारतसुद्धा नाही." रागापेक्षा त्याचंच त्यांना जास्त लागलं होतं. मी ते आत्याला सांगितलं. ती आत गेली, दार लोटलं, आणि बऱ्याच वेळाने दोघं बाहेर आली तेव्हा दोघांचे डोळे लाल होते. लग्नाच्या कचेरीत साक्षीदार म्हणून पहिली सही बाबांनी केली. सावकाशने रॉकेलने हात इतके घासले होते की ते गुलाबी झाले होते, आणि त्या वासाने कारकुनाने दोनदा नाक पुसलं.

मला त्याला आतोबा म्हणायला काही दिवस जड गेलं. एकदा तोंडातून "सावकाश आतोबा" असं निघालं आणि मग तेच पडून गेलं.

ती वर्षं चांगली गेली. सुट्टीच्या दिवशी आत्या बाटल्यांबरोबर डोंगरापलीकडे जायची, मांडीवर जेवणाचा डबा घेऊन. परत आली की कारखान्याच्या फाटकातली फुलझाडं, उतारावरून दिसणारी नदी, असलं काय काय सांगायची. इतकी वर्षं ज्या रस्त्याकडे तोंड करून ती बसली होती, तो जातो कुठे हे तिने तेव्हा पाहिलं. इंजिनही चांगलं चाललं. पुढे माझी बदली झाली, मग लग्न. मी सुट्टीत यायचे तेव्हा त्या घरघरीने आणि किणकिणीने मला अजून जाग यायची, आणि मी डोळे न उघडता पडून राहायचे.

मग कारखान्याने प्लास्टिकच्या बाटल्या घेतल्या. त्या न्यायला सावकाश माणसाची गरज नव्हती. गाडी घेतली जुनी वाहनं जपणाऱ्या एका हौशी बाईने. आत्याने तिला दुकानात बसवून तेल, फिल्टर, रिंग, सगळं समजावलं, आणि बाईने शहाण्यासारखं ते दोनदा म्हणून दाखवलं. सावकाश आतोबा बाहेर उभे होते. गाडी वळणाआड गेली आणि आवाजही गेला, तेव्हा ते म्हणाले, "बाटल्या नसल्या की किती मुकी वाटते नाही?"

नंतर ते दुकानात बसायला लागले आणि धंद्याचे तीनतेरा वाजवले. कुणी तेल बदलायला आलं की दोन बोटांत घेऊन बघायचे आणि सांगायचे, "अजून चांगलं आहे. पुढच्या फेरीला या." आत्या कपाळाला हात लावायची. पण त्यांना काउंटरमागून उठवायची नाही.

ते गेले एका हिवाळ्यात, दुपारी, जेवून आडवे झालेले. मी पोचले तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ट्रक उभे होते आणि ड्रायव्हर खाली उतरून गप्प उभे होते. आतोबांना घेऊन निघालो तेव्हा पुढे जायची कुणी घाई केली नाही. चढापर्यंत सगळी रांग आमच्या पावलांच्या चालीने मागून येत होती.

आत्याने दुकान अजून काही काळ चालवलं, मग मेस्त्रींच्या सुनेला दिलं. सून हुशार आहे. तिथे आता पांढरी फरशी आहे, सुटं तेल मिळत नाही, गाडीचा नंबर संगणकात घातला की कुठलं तेल ते तोच सांगतो. आत्या माझ्याकडे राहते. साडीला साबणाचा वास येतो. परवा खालच्या मजल्यावरचा शेजारी तिला विचारायला आला, नवी गाडी घेतलीय, तेल कुठलं घालू, तुम्हाला यातलं फार कळतं म्हणे.

"गाडीबरोबर पुस्तक आलंय ना?" आत्या म्हणाली. "त्यात लिहिलंय ते घाला. नव्या गाड्यांचं मला काय कळतंय."

तो हिरमुसला होऊन वळला. मग तिनेच त्याला हाक मारली, बसा म्हणाली, आणि मला आत चहा टाकायला सांगितलं. मी कप घेऊन बाहेर आले तेव्हा ती त्याला डोंगरापलीकडच्या कारखान्याच्या फाटकाशी कुठली फुलझाडं होती ते सांगत होती.